कुंपणातलं गवत

“काहीतरी उगनं शे,” मोठीमाय फोनवर म्हणाली. पुढे काही बोलेल म्हणून सुषमा थांबली, पण पलीकडून नुसता गच्चीवरचा वारा आणि शेजारच्या बांधकामावरच्या फावड्याचा आवाज येत राहिला, आणि मग फोन बंद झाला. सुषमाच्या हातात तेव्हा कापडाच्या दोन पट्ट्या होत्या, दोन्ही हिरव्या. एक पार्टीने नमुना म्हणून पाठवलेली, दुसरी सकाळी तिनेच रंगवलेली. शेड जुळवायच्या पेटीत, पांढऱ्या दिव्याखाली त्या शेजारी शेजारी धरायच्या आणि फरक सांगायचा, हे तिचं काम. सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या या डाईंग हाऊसमध्ये तिच्या नजरेवर सगळ्यांचा भरवसा होता. आता मात्र तिला फरक दिसेना. तिने पट्ट्यांची अदलाबदल केली, पिवळा दिवा लावला, परत पांढरा लावला. दोन्ही हिरवे एकमेकांत मिसळून गेले होते आणि त्यांच्यामागून मोठीमायचा आवाज येत होता, काहीतरी उगवलंय. उगनं शे. बाहेर वाफेच्या नळीतून फुसकारा सुटला, केमिकलचा ओळखीचा आंबट वास खिडकीतून आत आला, आणि शेजारच्या टेबलावरून जयश्रीने मान वर न करता विचारलं, “पास छे के फेल?”

“थांब जरा,” सुषमा म्हणाली.

मोठीमाय म्हणजे सुभद्राबाई, सुषमाच्या थोरल्या काकाची बायको. मोठाबा म्हणजे तो काका, भाईदास. होळीनंतर दोघं साक्री तालुक्यातलं गाव सोडून कायमचे सुरतेला आले होते, कांद्याच्या टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून. सामान म्हणजे दोन ट्रंका, एक घोंगडं, आणि खताच्या रिकाम्या गोण्यांत शिवून आणलेली माती. सुरतेच्या भेस्तान भागातल्या सुषमाच्या घरासमोर टेम्पो थांबला तेव्हा तिने आधी ट्रंका उतरवून घेतल्या. मोठाबा मात्र गोण्यांपाशी उभा राहिला, हमालाला हात लावू देईना. “हाई वर लई जानं शे,” तो म्हणाला. “गच्चीवर.” त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डावीकडचं ऑपरेशन झालं होतं पण ते नीट जमलं नव्हतं, त्यामुळे समोर माणूस आहे एवढंच त्याला कळायचं, कोण आहे ते आवाजावरून. त्याने भिंत चाचपत जिना चढून पाहिला, गच्चीवर ऊन किती येतं ते तळहात पसरून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून टोमॅटोचे तुटके क्रेट, फुटका टब, दोन घमेली असं जे मिळेल त्यात प्लास्टिक अंथरून तो माती पसरू लागला. दोन बोटं जाड थर, त्याहून जास्त नाही. वर ओलं पोतं. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. काय चाललंय हे सुषमाला कुणी सांगायची गरज नव्हती. ही पद्धत तिचीच होती. गवतावर संशोधन करत होती तेव्हा गावच्या शाळेच्या ओसरीत तिनेच असे ट्रे मांडले होते, आणि मोठाबा उकिडवा बसून विचारायचा की नुसती माती कशाला भिजवतेस. मातीत अजून काय काय जिवंत आहे ते असं कळतं, तिने सांगितलं होतं. जे असेल ते वर येतं.

मोठाबाने गच्चीवर माती पसरली तेव्हापासून सुषमा वर जायचं टाळत होती. कपडे खालच्या पॅसेजमध्ये वाळत घालायची. रोज घरी आली की मोठाबा विचारायचा नाही, आणि ती सांगायची नाही, आणि मोठीमाय दोघांना भाकरी वाढायची. मोठीमाय मोठाबाशी बोलत नव्हती, आज वर्ष होत आलं असेल. भांडण नाही, रुसवा नाही. त्याचं ताट वाढायची, त्याच्या पायाला तेल लावायची, पण शब्द त्याच्याकडे पाठवायचा असला की तो सुषमाच्या हातून जायचा. “तुना मोठाबाले सांग, जेवण थंड व्हयनं.” मोठाबा तीन हातांवर बसलेला असायचा, त्याला ऐकू आलेलं असायचं, तरी सुषमा सांगेपर्यंत तो उठत नसे. मूलबाळ नसलेल्या त्या दोघांना सुषमा हेच काय ते लेकरू, आणि आता त्या लेकरातून ते एकमेकांशी बोलत होते. म्हणूनच फोन मोठीमायने करावा याचं तिला नवल वाटत होतं. त्या मातीकडे बघायलाही ती कधी वर जात नव्हती, निदान सुषमाला तरी तसं वाटत होतं.

जयश्रीने तिच्या हातातल्या पट्ट्या घेतल्या, दिव्याखाली धरल्या आणि म्हणाली, “अगं, साफ फेल आहे. आपली पिवळी मारतेय.” पिवळी मारते. हो. आता सुषमालाही दिसलं. गावच्या माळावरच्या प्रयोगात, पहिल्या वर्षी, प्लास्टिकच्या पेट्यांच्या आतलं गवत असंच किंचित पिवळं मारायला लागलं होतं आणि तेही तिला उशिरा दिसलं होतं. आधी सगळ्यांना आनंदच झाला होता, कारण पेटीतलं गवत बाहेरच्यापेक्षा उंच झालं. एम.एस्सी. संपवून सुषमा ज्या सरांच्या हाताखाली संशोधनाला लागली होती त्यांची ती कल्पना. माळावर गवताचे चौकोन आखायचे, अर्ध्या चौकोनांभोवती पारदर्शक प्लास्टिकच्या तिरक्या भिंती उभ्या करायच्या, वरून उघड्या. ऊन आत जातं, वारा अडतो, आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा दोनेक अंशांनी गरम राहते. पुढे जग जेवढं तापणार म्हणतात तेवढी. म्हणजे पेटीच्या आत पुढचा काळ आणि बाहेर आजचा, असं सर म्हणायचे आणि खूश व्हायचे. जागा कुठे मिळेल, असं त्यांनी विचारलं तेव्हा सुषमाच म्हणाली होती, आमच्या गावचं गायरान आहे. ठेलाऱ्यांचं गाव, मेंढ्यांवर जगणारं. तिचा बाप हिलाल मेंढरं सोडून यंत्रमागावर कामाला आला, सुरतेत घर बांधलं आणि खोकत खोकत त्यातच गेला. पण मोठाबाचा कळप होता, आणि दर पावसाळ्यानंतर तो माळ त्या कळपाच्या पोटात जायचा आणि परत उगवायचा. मोठाबाने पंचायतीत शब्द टाकला. माळाच्या एका कोपऱ्याला तारेचं कुंपण पडलं, त्याला लोखंडी फाटक लागलं, आणि फाटकाची राखण त्याने स्वतःकडे घेतली. आपल्या मेंढरांना आपणच हाकलायची राखण.

दुसऱ्या वर्षी पेट्यांतली बारकी बारकी झाडं गेली. जमिनीला चिकटून पसरणारी शेंगांची वेल, निळ्या फुलाचं एक चिमुकलं झुडूप, मेंढ्या ज्याच्यामागे पळतात ते गोडसर तण. कुणी उपटली नव्हती, मेलेलीही सापडत नव्हती. नुसती यायची थांबली. फुलं लवकर यायची आणि त्या फुलांवर बसणारी माशी अजून यायची असायची. शेणकिडे पेटीत शिरेनासे झाले, मोजणीसाठी आत टाकलेल्या लेंड्या खड्यांसारख्या पडून राहायला लागल्या. त्यानंतर मारवेल गवत विरळ झालं, आणि शेवटी पवन्या. पवन्या म्हणजे त्या माळाचा कणा, कंबरेएवढा वाढणारा, वाळला तरी गुळासारखा वास येणारा. तो जिथून उठला तिथे कुसळी आली. मेंढीच्या लोकरीत शिरून कातडीपर्यंत टोचत जाते ती कुसळी. आणि कुसळीच्या मधल्या मोकळ्या जागेत गाजरगवत. पेटीच्या बाहेरच्या चौकोनात मात्र अजून सगळं होतं. त्या बाहेरच्या चौकोनाला सर कंट्रोल म्हणायचे. त्याला काही करायचं नाही, त्याला आहे तसा राहू द्यायचा, म्हणजे त्याच्याशी तुलना करता येते. सुषमाला तो शब्द आवडायचा. तिन्हीसांजेला त्या चौकोनापाशी बसून राहावंसं वाटायचं. चंडोल सरळ वर चढून गायचा, गवतात वारा शिरला की आधी पवन्या वाकायचा, मग मारवेल, मग खालची बारीक मंडळी. इतक्या जातींचं गवत एकदम कधी आजारी पडत नाही, एकाचं वर्ष वाईट गेलं की दुसरं हात देतं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं, आणि तिथे बसलं की ते वाचल्यासारखं वाटायचं नाही.

मग ते दोन उन्हाळे आले. एप्रिलमध्येच दगड तापून रात्रभर गरम राहायचे. यंत्रावर सुषमाने बाहेरच्या चौकोनाचं तापमान पाहिलं तेव्हा तिला वाटलं यंत्र बिघडलं, कारण बाहेरचा आकडा पहिल्या वर्षीच्या पेटीच्या आतल्या आकड्याला येऊन मिळाला होता. यंत्र बदललं. आकडा तोच. पावसाळ्यानंतर बाहेरच्या चौकोनातली निळी फुलं आली नाहीत. पुढच्या वर्षी शेंगांची वेल आली नाही. सरांनी विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत बसून आलेख पाहिला. दोन रेघा लांबून येऊन एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. सर चष्मा पुसत म्हणाले, “कंट्रोलच गेला. आता तुलना कशाशी करायची?” तिला वाटलं ते आणखी काही म्हणतील. ते निवृत्तीला आले होते. प्रकल्प बंद झाला, एका ट्रकने येऊन पेट्या उचलून नेल्या, तारेचं कुंपण काढायला कुणी आलं नाही. ती गावी जाऊन मोठाबाला सांगून आली की काम संपलं, आता फाटक उघडं टाकलं तरी चालेल. त्याने मान हलवली. तिला नोकरी हवी होती. कापडाच्या कारखान्याला रंग ओळखणारी माणसं हवी होती.

पाळी सुटल्यावर ती शटल रिक्षात बसली. मागच्या सीटवर चौघं, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक. हायवेवरून येणारी हवा कढत होती, पावसाच्या आधीची, चिकट, आणि खाडीवरच्या पुलावर नेहमीसारखी सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. उगनं शे. हाच शब्द मोठाबानेही फोनवर उच्चारला होता, माघात, ओरडून. “उगनं, पोरी! सारा माळ उगनं!” त्याच्या आदल्या वर्षाचं सगळं तिला मोठीमायकडून कळलं होतं, तुकड्यातुकड्यांनी, भाकऱ्या थापताना. पाऊस कमी पडला असं नाही, आलाच नाही म्हणावा असं ते वर्ष. गायरानावर कुसळीचे खुंट आणि गाजरगवत, त्यातलं गाजरगवत मेंढरू खात नाही आणि खाल्लं तर तोंड सुजतं. आणि कुंपणाच्या आत, जिथे कुणी चरलं नव्हतं तिथे, पेट्या उचलून नेलेल्या जागांच्या मधमधल्या पट्ट्यांत, पवन्याचे ठोंब उभे. वाळलेले, पण उभे. कळप कुंपणाला येऊन थटायचा. तारेतून तोंडं घालायचा, कान फाटायचे. मोठीमाय म्हणाली, फाटक खोल. तो म्हणाला, “हाई बी शे. हाई खाई टाकं तं मंग काय ऱ्हाई?” ती म्हणाली, मेंढरं मरी ऱ्हायनात. तो म्हणाला, मेंढरं परत घेता येतील. त्याने फाटकाला तार गुंडाळली. आधी गाभण मेंढ्या पडल्या. मोठीमायने आई मेलेलं एक कोकरू दुधाच्या बाटलीवर वाढवलं होतं, ते तिच्या पायात पायात असायचं, ते आता मोठं झालेलं, ते एका दुपारी कुंपणाला टेकूनच बसलं आणि उठलं नाही. राहिलेला कळप धुळ्याच्या खाटकाला गेला. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. “माले इचारू नको,” ती सुषमाला म्हणाली होती, जरी सुषमाने काही विचारलं नव्हतं.

आणि पवन्याने बी टाकलं. मोठाबाचं म्हणणं खरं झालं. त्याने ते झाडून गोळा केलं, फाटक उघडलं, आणि डोळ्यांना नीट दिसत नसतानाही साऱ्या गायरानावर मुठीमुठीने फेकत फिरला. पाऊस पडेल तेव्हा उगवेल. पण पाऊस आषाढाची वाट बघत थांबला नाही. माघातच आला, अवकाळी, चार दिवस लागून, गारांसकट. थंडीत माळ हिरवा झाला. गावातली माणसं बघायला गेली, पोरं लोळली, मोठाबाने फोन केला. सुषमा तेव्हा याच रस्त्यावर, अशाच रिक्षात होती. छान, ती म्हणाली होती, आणि मनातल्या मनात आषाढापर्यंतचे महिने मोजले होते, कारण गवताचं बी एकदाच उठतं. जे उठलं ते परत झोपत नाही. फाल्गुनात ऊन पेटलं आणि तो कोवळा, बोटभर माळ आठवड्यात जळाला. फुलोरा नाही, बी नाही. त्या जळक्या मातीचा वरचा थर मोठाबाने फावड्याने खरवडून गोण्यांत भरला होता. काही बियाणं आळशी असतं, पहिल्या हाकेला उठत नाही, असं तिनेच कधीतरी त्याला सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

भेस्तानच्या घरी ती पोचली तेव्हा दोघं गच्चीवरच होती. शेजारच्या प्लॉटवर नव्या घराचा पाया भरणं चालू होतं, त्याची धूळ कठड्यावर बसली होती. ती दोघं सुरतेला आल्यापासून सुषमाने त्यांना एकत्र गच्चीवर पाहिलं नव्हतं. मोठीमाय पाण्याच्या टाकीपाशी, पदर तोंडाशी धरून उभी. मोठाबा टबाशेजारी उकिडवा, हात गुडघ्यांवर. तो तिची पावलं ओळखून म्हणाला, “ऊनी का? ये. माले धुकट दिखस. हात लावाले भ्याव वाटस, मोडी जाई. तू दख.”

ती दारातच थांबली. क्रेटमधून गाजरगवताची ओळखीची कातरलेली पानं डोकावत होती. एका घमेल्यात कुसळी. ती त्यालाही माहीत असणार, ती त्याने मोजणीतच धरली नव्हती. तो बोलत होता तो टबाबद्दल. टबात हिरव्या कोवळ्या काड्या उभ्या होत्या, दोन दोन पानांच्या, उन्हं उतरताना चकाकणाऱ्या.

“पवन्या व्हई तं मी जास गावले,” मोठाबा म्हणाला. त्याचा आवाज तिने इतका तरुण कधी ऐकला नव्हता. “सकायनी गाडी शे. आते पाऊस लागी. ठोंब लावी देसू कुंपणमा. मन्हा हातनी वाट शे ती, डोया नही लागतस.”

त्या माळावर आता सावलीला वेडी बाभूळ सोडून झाड नव्हतं. गावातलं घर विकलेलं होतं. मे महिन्यात गावात दोन म्हातारे उन्हाने गेले होते, त्यातला एक याच्याहून लहान. ती खाली बसली. पान बोटांत धरलं. रुंद, बुडाशी किंचित लालसर, काठाला खरखर. तिला ते ओळखायला पेटी लागली नाही, दिवा लागला नाही. मग तिला दिसलं की त्या काड्या एका रेषेत आहेत. बोटाच्या पेराएवढं अंतर सोडून, टबाच्या कडेला समांतर, एक ओळ आणि तिच्यामागे अर्धी. तिने वर पाहिलं. मोठीमाय तिच्याकडेच पाहत होती. पदर तोंडावरून सुटला होता. ती काही खुणावत नव्हती, हात जोडत नव्हती, पण मेंढरू तारेतून तोंड घालून बघतं तसं ते बघणं होतं, आणि सुषमाला समजलं की फोन कशासाठी होता. दळणाच्या डब्यातली मूठभर बाजरी. दुपारी तो झोपला असताना ही बाई जिना चढून आली असेल, ज्या मातीपायी तिचं कोकरू मेलं त्याच मातीत बोट खुपसून तिने दाणे लावले असतील, आणि वर पोतं परत पसरलं असेल.

पवन्या का, तर हो म्हणायचं. तेवढंच करायचं होतं. एक अक्षर. त्याला दिसत नव्हतं. पण उद्या सकाळच्या गाडीत तो हातात हे ठोंब घेऊन बसणार होता. मोठीमायने गाडीचा विचार केला नसावा. किंवा केला असेल, आणि तरीही.

“बोल ना,” मोठाबा म्हणाला.

“बाजरी शे, मोठाबा.”

शेजारच्या प्लॉटवर कुणीतरी हिंदीत पाणी मागितलं. मोठाबाचा चेहरा लगेच बदलला नाही. ऐकलेलं पोचायला वेळ लागतो तसा तो थोडा वेळ हसराच राहिला.

“बाजरी? आठे कशी?”

“कबुतरं,” मोठीमाय म्हणाली. सरळ त्याला म्हणाली. “कबुतरंस्नी टाकी व्हई. समोरना गच्चीवर लोके दाणा टाकतस.”

वर्षभरानंतर थेट त्याच्यासाठी आलेला तिचा तो पहिला शब्द होता. मोठाबाने तिच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग मघाशी भ्याव वाटत होतं तो हात पुढे केला, आणि तर्जनीने सावकाश त्या काड्या चाचपल्या. एक, मग पुढची, मग पुढची. ओळीच्या टोकापर्यंत बोट गेलं, तिथून मागच्या अर्ध्या ओळीवर आलं, आणि थांबलं.

“कबुतर रांगमा नही पेरस,” तो हळूच म्हणाला.

मोठीमाय खाली गेली. तिच्या पायांचा आवाज जिन्यावर बराच वेळ येत राहिला, मधे थांबत, परत येत. मोठाबा अंधार पडेपर्यंत टबापाशी बसून होता. सुषमाने त्याला उठवलं नाही, तीही बसली. आपण खरं सांगितलं यात काही चांगलं केलं असं तिला वाटत नव्हतं, खोटं सांगितलं असतं तरी वाटलं नसतं. तिला एकच वाटत होतं की सरांच्या खोलीतला तो आलेख तिने आज पुन्हा पाहिला, आणि या खेपेला दोन रेघांच्या जागी दोन म्हातारी माणसं होती.

पुढे दोन आठवडे त्याने पाणी घालणं चालू ठेवलं. आणखी काही उगवलं नाही. बाजरी त्याने उपटली नाही, ती वीतभर वाढली आणि त्या पातळ मातीत वाळून गेली. मग घराच्या छतातून ओल झिरपायला लागली, खालच्या भाडेकरूने कुरकुर केली, आणि एका रविवारी मोठाबा स्वतःच म्हणाला की माती उतरवा. उतरवून टाकायची कुठे हा प्रश्न होता. गल्लीत सगळीकडे ब्लॉक बसवलेले. कचऱ्याच्या गाडीवाल्याने माती घ्यायला नकार दिला. खाडीत टाकू असं सुषमाच्या ओठांवर आलं, पण तिने ते गिळलं. शेजारच्या कामावरचा गवंडी कठड्यावरून बघत होता. संदीप त्याचं नाव, नांदेडकडचा.

“काका, टाकायची का ती? मला द्या की,” तो म्हणाला. “जोत्यात भरायला कमी पडायलीय. पाऊस यायच्या आत फरशी टाकायचीय मला.” त्याने मूठभर माती घेऊन चोळली. “लई मऊ हाय वो. चाळल्यासारखी. असली हिकडं मिळत नाही, हिकडं सगळा राडारोडा.”

मोठाबा मान हलवून हो म्हणाला. सुषमा आणि संदीपने घमेली खाली नेली. मोठाबा भिंत धरून मागून आला आणि जोत्याच्या कडेला उभा राहिला. माती ओतली, पसरली, वरून पाणी मारलं, आणि संदीपचा माणूस धुम्मस घेऊन ती ठोकू लागला. प्रत्येक ठोक्याला मोठाबाची हनुवटी किंचित हलत होती. मोठीमाय ओट्यावर येऊन बसली होती, तांदूळ निवडत, आणि तिची मान खाली होती. दुपारपर्यंत तिथे फरशी बसली, पांढरी, राखाडी शिरांची.

त्या रात्री जेवताना मोठाबाने विचारलं, “तुना कारखानामा वाचमन लागस का?”

“तुम्हाला दिसत नाही, मोठाबा.”

“रातपाळी मांग. रातले तसंबी कोणले काय दिखस?”

मोठीमाय त्याच्या ताटात आमटी वाढत होती. “जाऊ दे त्याले,” ती सुषमाला म्हणाली. “घरमा बठी बठी मरी जाई.”

सुषमाने साहेबांना विचारलं. गेटवर आधीच एक जवान माणूस होता, त्याच्या सोबतीला कुणीतरी म्हातारं चालणार होतं, फक्त बसायला. मोठाबाला निळा सदरा मिळाला, शिट्टी मिळाली, प्लास्टिकची खुर्ची मिळाली. पहिले काही दिवस सुषमाला धाकधूक वाटली, मग ती सवयीची झाली. तो तक्रार करत नसे. गावाचं नाव काढत नसे. सकाळी तिची पाळी सुरू होताना त्याची संपायची, आणि गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येकाला तो उठून हात वर करायचा. कामगार, मालकाची गाडी, सूत घेऊन येणारा टेम्पो, सगळ्यांना सारखाच. ती गेटशी आली की आधी म्हणायची, “मोठाबा, मी,” आणि तो हसून खाली बसायचा.

श्रावणातल्या एका सकाळी पाऊस नव्हता, तरी हवा वाफेसारखी होती, आणि तिचा घसा धरला होता. ती न बोलता गेटमधून आत शिरली. मोठाबा उठला आणि इतर कुणासाठी करतो तसाच तिच्यासाठीही त्याने हात वर केला, नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे. ती क्षणभर त्याच्यासमोर उभी राहिली. मागून पाळीवरची माणसं येत होती, कुणीतरी “चालो, चालो” म्हणालं. तिनेही हात वर केला, आणि आत गेली.